ताण्याएवढा बोळ

आबासाहेबांनी होकार दिला, आणि तो इतक्या सहज दिला की ओट्यावर बसलेल्या कुणालाच क्षणभर आनंद मानण्याचेही सुचले नाही.

रंगनाथ कित्येक दिवस नकाराची तयारी करून होता. थोरला भाऊ काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचे, आवाज कुठवर चढू द्यायचा, हे सारे त्याने सुताच्या गठ्ठ्यांशी झटता झटता मनात घोळवून ठेवले होते. वडिलांनी उभे केलेले घर, वडिलांनी खणलेला मागाचा खड्डा, गेलेल्या भावाने, कानिफनाथाने, ज्या खोलीत डोळे मिटले ती खोली. आबा यांतले एकेक पुढे करतील, आणि आपण शांतपणे एकेक बाजूला सारू, असे त्याने ठरवले होते. आता ती सगळी उत्तरे त्याच्या तोंडात बिनकामाची होऊन बसली.

"घ्या म्हणावं नगरपालिकेला," आबा म्हणाले. "माझं घर मधे येत आसंल तर घ्या. बोळ सरळ निघू द्या त्या नव्या रस्त्याला."

सकाळची पांजणी, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ लावण्याचे काम, नुकतीच आटोपली होती. खळ लावलेला ताणा बांबूच्या घोड्यांवर बोळाच्या तोंडापासून आबांच्या उंबऱ्यापर्यंत ताणलेला होता, आणि त्यावरून ओल्या पिठाचा आंबूस वास उन्हाबरोबर वर चढत होता. त्या हजारो धाग्यांखाली जमीन दिसत नव्हती. साळ्यांचा हा बोळ बरोबर एका ताण्याएवढा होता. आजोबांनी जागाच तशी निवडली होती. दोन्ही अंगांना घरे, शेवटी आडवे आबांचे घर, आणि त्या घराच्या पाठीला नगरचा जुना तट. पुढे वाटच नसल्यामुळे ज्याला या बोळात काम नाही असे कुणी येथे येत नसे; आणि म्हणून सूत येथे निजलेल्या मुलासारखे निर्धास्त पडून राहत असे. महायुद्ध संपल्यावर नगरपालिकेने तटाचा तेवढा भाग पाडला. त्याच्या पलीकडून स्टेशनरोडकडे जाणारा नवा रस्ता झाला, आणि आबांचे घर तेवढे दोन वाटांच्या मध्ये उभे राहिले.

पांजणीच्या सकाळी घरातले रुसवेफुगवे चालत नसत. कंट्रोलच्या, म्हणजे सरकारी वाटपाच्या, सुताचे काम रंगनाथने अंगावर घेतल्यापासून त्याचे आणि आबांचे धड बोलणे राहिले नव्हते. तरी ताण्याच्या एका टोकाला आबा आणि दुसऱ्या टोकाला रंगनाथ, हे चुकले नव्हते. एकाने ओढले की दुसऱ्याने किती सोडायचे, हे त्यांना शब्दांवाचून कळत असे. कदाचित त्या ताण्यामुळेच त्यांना शब्दांची गरज उरली नव्हती.

"पुढचं ऐका की," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक नवल वाटावे अशी तकाकी आली होती. "आजवर ताणा टाकला की त्याचं टोक माझ्या उंबऱ्याला टेकतं. तितं बोळ संपला, तितं ताणा संपला. बापाच्या काळापासनं आपण आखूड ताणे टाकतो आन् मागावर सांधत बसतो. आता भिंतच न्हाई म्हटल्यावर थेट नव्या रस्त्यापतुर टाकायचा. एका खळीत दुप्पट काम. माझं काय, मी पडंन आपल्या धाकट्या श्रीमंताच्या पडवीत."

रंगनाथने मान वर केली, आणि त्याला कळले. आबांना रस्ता म्हणजे लांब झालेला बोळ वाटत होता.

त्यात आबांची चूक तरी काय होती? ते जेथे वाढले तेथे सगळे जग सुतासाठी थांबत असे. कुणाच्या लग्नातला घोडा खळ वाळेपर्यंत बोळाच्या तोंडाशी उभा राहिला होता. आईची तिरडी निघाली त्या सकाळी ताणा नेमका ओला होता. खांदेकऱ्यांनी भिंतींना पाठ घासत, ओट्यांवर पाय देत तिला कडेकडेने बाहेर नेले आणि एक धागा तुटू दिला नाही. ही गोष्ट त्या घरात दुःखाने नव्हे, अभिमानाने सांगितली जात असे. अशा माणसाला रस्ताही थांबेल असे वाटले, तर ते त्याच्या आयुष्याला धरूनच होते.

कानिफनाथाची विधवा छबूबाई उंबऱ्याच्या आत बसली होती. थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलत नसे. तिने श्रीमंताकडे पाहिले. "भाऊजी, आबांना इचारा, त्या वाटंनं मग गाड्या जायच्या न्हाईत का?"

आबांनीही श्रीमंताकडेच पाहिले. "तिला सांग, गाड्या थांबत्याल. सकाळच्या पारी पांजणीला येळ तो किती?"

"आन् न्हाई थांबल्या म्हंजे?"

"तिला म्हणावं, सूत आडवं दिसताना त्यावरनं आजवर कोण गेलंय?"

दोघांच्या मध्ये बसलेल्या श्रीमंताला एक शब्दही पुढे पोचवावा लागला नाही. बोळाच्या तोंडाशी राहणारे चांदभाई टांगेवाले खांबाला टेकून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "आबा, माझा घोडा थांबंल. तो तर चालतानाबी थांबतो. पण मिलिटरीची लारी थांबायची न्हाई." सगळे हसले. आबाही हसले, त्यांनी त्यातली फक्त थट्टा घेतली.

रंगनाथला त्या क्षणी बोलता आले असते. मीठ विरघळावे तसा तो क्षण त्याच्या जिभेवर विरघळत गेला. आपण खोटे काही बोललो नाही, असे त्याने मनाला सांगितले. तटाबाहेर त्याने घेतलेल्या प्लॉटवर उभे राहणारे पत्र्याचे छप्पर, त्याखाली विजेवर चालणारे माग, मुलांचे पुढचे आयुष्य, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर आले. उद्या सकाळी नगरपालिकेचे ओव्हरसियर येतील, त्यांच्यापुढे एवढेच सांगा, असे तो वाळत्या सुताकडे पाहत म्हणाला आणि उठला.

श्रीमंत घरी आला तेव्हा पुष्पावती भाकरी थापत होती. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, पण तिच्या हाताचा ठेका बदलला.

ती डोंगरातल्या अकोले तालुक्याकडची. भाताच्या खाचरांमधून वाढलेली, चारी बाजूंना डोंगर आणि मधे उघडे आभाळ पाहिलेली. या बोळात आभाळही बोळाएवढेच रुंद होते, आणि त्यालाही दोन्ही काठांना कौले होती. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी ती संध्याकाळी ओट्यावर येऊन मान उंच करून काहीतरी शोधत असे, आणि श्रीमंत ते पाहून न पाहिल्यासारखे करी. रंगनाथने आपल्या प्लॉटातला अर्धा भाग धाकट्या भावाला देऊ केला होता. त्या दिवसापासून ती गुणगुणू लागली होती.

"तुमी तितं काय बोलला न्हाई," ती म्हणाली.

"काय बोलणार?"

"ते बरंच केलं." भाकरी तव्यावर पडली. "खोटं कुणीच सांगितलं न्हाई त्यांना."

"खरंही कुणी सांगितलं न्हाई."

तिने दुसरा गोळा हातावर घेतला. मग पाठमोरीच म्हणाली, "मी नवी आले तवा मला वाटलं, घरापुढनं रस्ता जातोय. आठ दिसांनी ध्यानात आलं, हा कुठंच जात न्हाई. मला दुसरं काय नको. एक खिडकी पायजे, जिच्यातनं समोरच्या घरातली चूल दिसायची न्हाई."

श्रीमंताला मात्र आबांचे हात दिसत होते. वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता. आबांनी त्याला मांडीवर घेऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडले होते, त्याची बोटे आपल्या बोटांत धरून पहिला धोटा फेकायला शिकवला होता. त्या हातांना हात लावून 'आबा, तुम्ही चुकता आहात' असे म्हणणे त्याच्याने होणार नव्हते. तो मुळातच कमी बोलणारा. मनातले सगळे तो लुगड्याच्या काठांत विणून टाकी, आणि ते वाचणारे कुणी नसे. पण गप्प राहणे हेही कधीकधी हाताने केलेल्या कामासारखे असते, त्याचे वजन आपल्यावरच राहते, हे त्याला आज प्रथम जाणवले.

"मी त्यांना नुसतं दाखवून आणतो," तो म्हणाला. "तो रस्ता त्यांनी अजून बघितलेलाच न्हाई."

"दाखवलं म्हंजे सांगितलंच की."

तो उभाच राहिला. तिने तव्यावरची भाकरी उलटली, पदराने कपाळ पुसले, आणि चुलीतल्या जाळाकडे पाहत म्हणाली, "जावा. ऊन वाढायच्या आत जावा."

आपल्याच घराच्या पाठीमागे जायचे, तर बोळातून बाहेर पडावे लागे. चांदभाईंनी टांगा जोडला. बाजारातली गर्दी, माळीवाड्याची वेस, मग स्टेशनरोड, आणि तेथून उजवीकडे पुन्हा मागे. एका भिंतीच्या जाडीएवढ्या अंतरासाठी अर्धे गाव ओलांडावे लागत होते. आबा टांग्यात ताठ बसले होते. मोठ्या गावाला निघालेल्या माणसासारखे त्यांनी धुतलेला पटका बांधला होता. वेशीबाहेर ते गेली कित्येक वर्षे मर्तिकाखेरीज आले नव्हते, आणि मर्तिकाच्या वाटेवर माणूस आजूबाजूला पाहत नाही.

वेस मागे पडली आणि त्यांची मान इकडून तिकडे वळू लागली. जेथे बाभळी होत्या तेथे चुन्याने आखलेले चौकोन होते. पत्र्याची छपरे, वीटभट्ट्यांचा धूर, तारांचे खांब, गोणपाटाच्या भिंतींची घरे, आणि त्यांच्यापुढे उन्हात काहीतरी वळत बसलेल्या बाया.

"हे गाव वेशीबाहेर कधी सांडलं, चांदभाई?"

"लढाईत, आबा. क्यांपात कामं निघाली, मानसं आली. कामं गेली, मानसं राहिली."

नव्या रस्त्यावर टांगा थांबला. तटाचे उरलेले दगड कडेला पडले होते, आणि त्यामागे घरांच्या पाठी ओळीने उभ्या होत्या. त्यांना दारे नव्हती, ओटे नव्हते, तुळशी नव्हत्या. इतकी वर्षे तटाच्या आडोशाला असल्याने त्यांच्यावर कुणी कधी गिलावाही केला नव्हता. आबा खाली उतरले. त्यांनी रस्त्याच्या मध्यावर जाऊन दोन्ही हात पसरले, विणकर ताण्याची लांबी घेतात तसे, आणि डोळे बारीक करून ते दूरवर पाहू लागले. त्यांना काय दिसत होते हे श्रीमंताला ठाऊक होते. त्यांना तेथे सूत दिसत होते, उन्हात वाळणारे, पांढरे, कुठेही न सांधलेले.

कापसाच्या गाड्यांची रांग बाजूने गेली. एक सायकलवाला घंटा वाजवीत वळला. मग स्टेशनकडून लारी आली. चांदभाईंनी धावत जाऊन आबांचा दंड धरला आणि त्यांना कडेला ओढले. लारी थांबली नाही, हळू झाली नाही. हाकणाऱ्याने शिवीसुद्धा दिली नाही. तेथे कुणी उभेच नव्हते, अशा रीतीने ती निघून गेली, आणि तिच्यामागे उठलेली धूळ आबांच्या धुतलेल्या पटक्यावर बसत राहिली.

श्रीमंताला जे सांगायचे होते ते रस्त्याने सांगून टाकले होते, आणि ते सांगताना त्याने कुणाचे वय पाहिले नव्हते. धूळ खाली बसल्यावर आबांनी खोल गेलेल्या आवाजात एवढेच विचारले, "यातली आपली भिंत कुठली रे?"

श्रीमंताने पाहिले. त्यालाही ते सांगता येईना. जन्मभर ज्या भिंतीला पाठ टेकली, तिची दुसरी बाजू त्या दोघांपैकी कुणीही कधी पाहिली नव्हती. सगळ्या पाठी सारख्याच, मातकट आणि मुक्या.

कडेने एक बाई रिकामी घागर घेऊन चालली होती. बिडीच्या तंबाखूने तिची बोटे काळवंडलेली होती. दोघांना भिंती न्याहाळताना पाहून ती थांबली. "काय हुडकता, बाबा?"

साळ्यांचा बोळ इकडून कुठल्या बाजूला येतो, असे श्रीमंताने विचारले.

"बोळ-बिळ मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "पन नळ हुडकत असाल तर ह्या भिंतीमागं हाय." तिने घागरीसकट हात करून तिसरी भिंत दाखवली. "पानी पडतेलं ऐकू येतं हितं."

आबा त्या भिंतीजवळ गेले. तिला हात लावून ते उभे राहिले. नळ त्यांच्या दाराशीच होता. बोळातल्या सगळ्यांचा तो नळ, पण पहिले भांडे आबांच्या घरचे लागत असे.

तिचे नाव कडूबाई. पाथर्डीकडून नवऱ्यामागे आलेली. तो स्टेशनवर पोती उचलायचा आणि ती बिड्या वळायची. पाण्याला कुठे जाता, असे आबांनी विचारले, तेव्हा तिने वेशीकडे हनुवटी वळवली. "वेशीतनं आत, बाजारच्या हौदाला. जाऊन येईस्तवर पोरगं उठतंय, रडतंय, आन् रडून रडून पुन्ना झोपतंय."

"लांब पडतं."

"लांब पडतं ते पडतंच. पहाटं हितं पडून नुसतं ऐकायचं. कुनाचं तरी भांडं भरतं आन् वरनं सांडाया लागतं. लवकर कोनी बंद कराया येत न्हाई." ती जराशी हसली, तिच्या बोलण्यात राग नव्हता, गाऱ्हाणे नव्हते, दूरच्या गावच्या पावसाविषयी बोलावे तसे ती बोलत होती. "असू द्या. ज्येचं त्येचं पानी."

घागर दुसऱ्या कमरेवर घेऊन ती वेशीच्या दिशेने निघून गेली. परतताना आबांनी सगळ्या वाटेत पटका झटकला नाही.

रंगनाथ ओट्यावर वाट पाहत होता. टांगा कुठे गेला होता हे त्याला समजले होते, आणि श्रीमंताकडे त्याने ज्या नजरेने पाहिले ती नजर श्रीमंत पुढे बरीच वर्षे विसरू शकला नाही. ताणा गुंडाळून आत नेलेला होता. उघडा पडलेला बोळ एकाएकी रुंद दिसत होता.

"रंगा," आबा म्हणाले, "तुला ठावं हुतं."

"होतं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." रंगनाथचा आवाज तयारीतला नव्हता, तो फाटत होता. "आणि तुम्ही नाही म्हणालात म्हणून काय थांबणार आहे, आबा? आज विचारून घेतात, उद्या कायद्यानं घेतील. ताणे आता गिरणीतून तयार गुंडाळून येतील. माझी पोरं पांजणीला उभी राहायची नाहीत. मी हे मोडायला निघालो नाही. मोडलेलं आहे, ते तुम्हांला दिसत नाही."

"दिसलं आज."

एवढे बोलून आबा आत गेले. त्यांच्या मागाच्या खड्ड्यापाशी उभे राहून ते मागच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग ते बाहेर आले आणि म्हणाले की रस्ता ते देणार नाहीत. दार देतील. बाईमाणूस घागर घेऊन नळाला जाईल-येईल एवढे दार, मागच्या भिंतीत, आणि त्यांच्या घरातून वाट. बोळात ताणा असेल तेव्हा त्या बायांनी कडेने जावे. तिरडी गेली, घागर का जाणार नाही?

रंगनाथ अविश्वासाने पाहत राहिला. "दाराला नगरपालिका काय करील? जिथून गाडी जात नाही त्याला कुणी रस्ता म्हणत नाही."

"मग नका म्हणू."

"लोक तुमच्या घरातून जातील. कोण, कुठले, कुठल्या जातीचे."

"जातीला तहान लागत न्हाई व्हय?" आबा शांतपणे म्हणाले. आजवर हा प्रश्न त्यांना पडलेलाच नव्हता, हे त्यांच्या स्वरावरून कळत होते; जणू तो त्यांनी स्वतःलाच विचारला होता.

रंगनाथ उठला. आपण प्लॉटवर राहायला जात आहोत, छप्पर झाले नाही तरी चालेल, असे त्याने सांगितले. पुढच्या पांजणीला आपली वाट पाहू नये. लहानपणी रुसलेल्या भावाला चिडवावे तशा आवाजात आबा म्हणाले, "जा की. दार झालं की तिकडनं जवळच पडंल."

रंगनाथ हसला नाही. पण पायरी उतरताना त्याने डोळ्यांवरून हात फिरवला, आणि ते श्रीमंताने पाहिले.

दाराला जागा एकच होती. भिंतीच्या एका अंगाला चूल आणि धान्याच्या कणग्या, दुसऱ्या अंगाला मागाचा खड्डा. वाट खड्ड्यावरूनच जाणार होती. ते लक्षात आल्यावर छबूबाईने श्रीमंताला निरोप दिला, की दुपारनंतर तिचा माग रिकामा असतो. त्यावर कुणी बसले तरी तिची हरकत नाही. ज्यांना तो निरोप होता ते आबा समोरच बसले होते. मागाच्या दोऱ्या सोडायला त्यांनी खाली वाकून सुरुवात केली. फणी, धोटा, पायपट्ट्या, सगळे एकेक करून कोपऱ्यात उभे राहिले, आणि एका माणसाच्या आयुष्याएवढी जागा घरात मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसियर आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आणि ते रागावले नाहीत. अशी घरे त्यांनी पाहिली होती. प्रकरण आता कायद्याने जाईल, वर्ष लागेल, दोन लागतील, असे त्यांनी समजावून सांगितले. दारावर राखणदारही ठेवणार काय, असे हसत विचारले, आणि बोळात शेजाऱ्यांनी टाकलेल्या ताण्याला अंग न लावता कडेकडेने बाहेर गेले. श्रीमंताला त्यांच्या पाठीकडे पाहताना वाटले की हा मनुष्य खरे बोलतो आहे. भिंतीला एकदा भोक पडले की ते लहान राहत नाही. आज घागर जाईल, उद्या सायकल, मग हातगाडी, आणि एके दिवशी या घराच्या दोन्ही बाजू कुणाला आठवणार नाहीत. आबांनाही ते कळत असावे. कळत असूनही मनुष्य आपल्या हाताने जेवढे उघडू शकतो तेवढे उघडतो, आणि बाकीचे काळाकडे सोडतो. त्याला शहाणपण म्हणावे की थकवा, हे श्रीमंताला ठरवता आले नाही.

त्याने पहार घेतली. भिंत मातीची होती, पण जुन्या लोकांनी तुडवून तुडवून पक्की केलेली. पहिले कितीतरी घाव तिने नुसते गिळले. मग ढेकळे सुटू लागली. भिंतीतून निघालेली माती छबूबाई आणि पुष्पावती घमेल्यांनी खड्ड्यात टाकत होत्या. त्यासाठी दुसरीकडून माती आणावी लागली नाही. आबा बाजूला बसून, मूल निजवताना पाहावे तसे, खड्ड्याचा तळ वर येताना पाहत होते. एवढ्यात पहार पलीकडे गेली आणि त्या घरात कधीच न आलेल्या बाजूने उजेड आला. त्यात चुलीवरची काजळी दिसली, कणग्यांवरची कोळिष्टके दिसली, आणि आबांचा चेहरा किती म्हातारा झाला आहे तेही दिसले.

भोक माणसाएवढे झाले तशी पुष्पावती घमेले खाली ठेवून त्यातून बाहेर पडली. श्रीमंत हातात पहार घेऊन थांबला. ती रस्त्याच्या कडेला उभी होती. वाऱ्याने तिचा पदर उडत होता, आणि ती वर पाहत होती, जेथे आभाळाला कुठलाच काठ नव्हता. रंगनाथचा प्लॉट तेथून दिसत असला पाहिजे. ती त्या दिशेला चालू लागली. श्रीमंताने हाक मारली नाही. त्याला मारता आली नसती, आणि मारण्याचा आपल्याला हक्क आहे असेही त्याला वाटले नाही. तिची पाठ गोणपाटाच्या घरांआड दिसेनाशी झाली. तो भिंतीच्या कडा तासत राहिला, कारण हातांना दुसरे काही करता येत नव्हते.

पुष्पावती परत आली तेव्हा तिच्याबरोबर, काल श्रीमंताने सांगितली होती ती कडूबाई होती, आणि तिच्या मागे आणखी दोघीतिघी. कडूबाई दारापाशी आली, आत डोकावली, आणि आबांना पाहताच जागच्या जागी थिजली. कालचे म्हातारे बाबा, हे घर, तो नळ, आणि आपण बोललेले शब्द, हे सारे तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत गेले. तिने कमरेवरची घागर घट्ट धरली. ती परत फिरेल असे वाटले.

आबा उठून उभे राहिले. "या," ते म्हणाले. "जरा वाकून या, दार बुटकं झालंय."

ती वाकली आणि आत आली. भरलेल्या खड्ड्याची माती अजून बसली नव्हती. तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला, आणि तिने तो न थांबता उचलून पुढे टाकला.